पाचही चाकं जमिनीला टेकली पाहिजेत

बाबू, खोकं उघडलंस, सगळे भाग पत्रकाशी ताडून पाहिलेस, छान केलंस. पण गोंदाची बाटली इतक्यात उघडू नको. ये, इथं बस माझ्याजवळ. वेचणीचे दिवस आहेत, घरात दिवसभर ये-जा असते, म्हणून रात्रीचं निवांत बोलावं म्हटलं.

आठ दिवसांत रणगाडा उभा करून कपाटावर ठेवायचा, असं तुझ्या मनात आहे. मला तुझ्याकडून दुसरंच हवंय. हा रणगाडा पुरा होईस्तोवर त्याच्या अंगावरची प्रत्येक वस्तू कशासाठी आहे हे तुला कळलं पाहिजे. सोबतच्या पत्रकात नुसती चित्रं आणि आकडे असतात. अमुक नंबरचा भाग तमुक नंबरला चिकटवा, बस. तो भाग डिझेलची टाकी आहे की हत्यारांची पेटी, हे त्यात नसतं. ते ठाऊक नसलं की रंगाच्या वेळी हात अडतो. तेलाचे डाग कुठे पडतील, काजळी कुठे धरेल, रंग कुठे घासला जाईल, काहीच सुचत नाही. मग सगळीकडे सारखाच चिखल फासून माणूस मोकळा होतो. तू तसं करायचं नाहीस.

तुझ्या हातात टी-५५ आहे. सोव्हिएत बनावटीचा, ३६ टनांचा, आत चार माणसं, १०० मिलिमीटरची तोफ. इंजिन मागे, म्हणून पट्टा ओढणारं दातेरी चाकही मागे. दोन्ही बाजूंना पाच-पाच मोठी चाकं. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात अंतर जास्त आहे ते नीट बघून ठेव, या रणगाड्याची ओळखच ती. उजव्या मडगार्डवर डिझेलच्या टाक्या, डाव्या बाजूला मागे धुराडं. म्हणजे काजळी डावीकडे येणार आणि डिझेल सांडल्याचे ओघळ उजवीकडे, टाक्यांच्या झाकणांपाशी. बघ, रंगाचं अर्धं काम आताच ठरलं.

हा रणगाडा आपल्या लष्करात होता, म्हणून मला तो तुझ्या पहिल्या कामासाठी योग्य वाटतो. १९७१ मध्ये छांबच्या लढाईत टी-५४ आणि टी-५५ हे दोन्ही आपल्या बाजूने लढले. पंचाईत अशी होती की पाकिस्तानकडे चिनी बनावटीचा टाइप ५९ होता, आणि तो म्हणजे टी-५४ चीच चिनी आवृत्ती. त्याच युद्धात लोंगेवालाला चालून आले ते हेच. धुळीत, दुर्बिणीतून, हजार-दीड हजार मीटरवरून आपला कोणता आणि त्यांचा कोणता? म्हणून आपल्या रणगाड्यांच्या नळीवर मधोमध एक खोटं जाड नळकांडं बसवलं गेलं. सेंच्युरियनच्या तोफेला तिथे खरंखुरं धूर शोषणारं नळकांडं असतं, त्याच्यासारखं दिसणारं. टी-५५ चं खरं नळकांडं नळीच्या टोकाशी असतं. मधलं ते फक्त ओळखीसाठी, आपल्याच माणसाने आपल्यावर गोळा टाकू नये म्हणून.

खोक्यात तो भाग तुला मिळणार नाही. तो तू करायचा. पातळ कागदाची पट्टी घे, तिला पातळ फेविकॉल लावून नळीभोवती गुंडाळत जा, जाडी आली की सुकू दे, कडा वॉटर पेपरने गोल कर. एवढ्याने तुझा टी-५५ भारतीय होतो. दुसऱ्याने आखून दिलेल्या भागांपलीकडे जाऊन केलेलं तुझं पहिलं काम ते असेल, आणि त्याचा आनंद केवढा असतो ते तुझं तुलाच कळेल.

मापाचं गणितही आत्ताच समजून घे. १:३५ म्हणजे खऱ्या ३५ मिलिमीटरला इथे एक. तोफेसकट नऊ मीटरचा रणगाडा तुझ्या टेबलावर जेमतेम २६ सेंटीमीटर भरतो आणि पावणेसहा फुटी जवान पाच सेंटीमीटरचा होतो. हे माप आलं कुठून, तेही ऐक. जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने १९६१ मध्ये जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. आत बॅटऱ्या आणि मोटर मावल्या पाहिजेत, म्हणून शरीर जेवढं ठेवावं लागलं त्यावरून हे माप निघालं. पुढे साऱ्या जगाने तेच उचललं. हा आकडा डोक्यात पक्का ठेव, मातीच्या वेळी मी पुन्हा त्यावर येणार आहे.

एक काम मात्र मनावर घे. जमेल तेव्हा अहिल्यानगरला जाऊन ये. अहमदनगर म्हणत होतो तेच. आपल्या भातकुलीहून लांब पडतं, पण लष्कराच्या आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र तिथे आहे आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू झालेलं कॅव्हलरी टँक म्युझियमही. पन्नासेक गाड्या उघड्यावर उभ्या आहेत. शर्मन, चर्चिल, मटिल्डा, व्हॅलेंटाइन, सेंच्युरियन, पॅटन, आपल्या आवडीचा विजयंता, अगदी रोल्स-रॉइसची चिलखती मोटरसुद्धा. तिथे गेलास की आधी फोटो काढत सुटू नको. एका रणगाड्यापाशी उभा राहा आणि त्याचं पोलाद बघ. ओतीव पोलादाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, पत्रे जोडून केलेल्या भागावर वेल्डिंगची जाड रेघ उठलेली दिसते. माणूस चढताना पाय कुठे ठेवतो तिथला रंग बघ. चाकाच्या रबराची कड कशी तुटलेली असते ते बघ. हे सगळं तुला पुढे हातांनी करायचं आहे.

आणि तिथे उभा असशील तेव्हा माणसंही आठव. अलिबागला जन्मलेले अरुणकुमार वैद्य, जे पुढे लष्करप्रमुख झाले, ते १९६५ च्या सप्टेंबरात असल उत्तरला डेक्कन हॉर्सचे कमांडिंग ऑफिसर होते. त्यांच्याकडे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन आणि समोर पाकिस्तानचे नवे कोरे पॅटन. उसाच्या शेतांत पाणी सोडलं गेलं होतं, पॅटन चिखलात रुतले, आणि उसात दबा धरून बसलेल्या आपल्या रणगाड्यांनी ते टिपले. वैद्यांना महावीरचक्र मिळालं. १९७१ मध्ये दुसऱ्यांदा मिळालं. पुण्यात जन्मलेला अरुण खेतरपाल पूना हॉर्सचा. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत पेटलेला रणगाडा सोडायचा हुकूम आला, तरी तोफ चालतेय म्हणून तो आतच राहिला. वय एकवीस. त्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्याचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन अहिल्यानगरलाच जतन करून ठेवला आहे. तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठा होता रे तो. मला रणगाडे आवडतात, पण झाकण लावताना आत चार माणसं बसायची हे मी विसरत नाही. तूही विसरू नकोस.

आता हाताच्या कामाकडे येऊ.

भाग ज्या चौकटीला लटकलेले आहेत तिला स्प्रू म्हणतात. भाग मोडून काढायचा नाही, पिळून तर मुळीच नाही. कटरने पहिला काप भागापासून जरा लांब द्यायचा, भाग सुटा झाला की दुसरा काप जवळ. उरलेलं बोंड पातीने हलक्या हाताने तासायचं, मग वॉटर पेपर. एकदम जवळून कापलं की प्लॅस्टिकवर ताण येऊन पांढरा डाग पडतो, कधी भागाचाच लचका जातो. एका वेळी एका पायरीचेच भाग काप. सगळे भाग सुटे करून ताटात टाकलेस की नंबर कुठला, कुणाचा, काही उमगत नाही.

गोंदाचं नीट समजून घे. आपल्याकडे सगळे जण फेविक्विककडे धावतात. फेविक्विक दोन भागांच्या मध्ये सुकून त्यांना धरून ठेवतं, पण प्लॅस्टिकमध्ये शिरत नाही. धक्का बसला की सांधा कटकन सुटतो, आणि पारदर्शक भागाजवळ वापरलं की त्यावर पांढरी वाफ धरते. मॉडेलचं प्लॅस्टिक सिमेंट वेगळं. ते प्लॅस्टिक विरघळवतं, दोन्ही कडा मऊ होऊन एकमेकींत मिसळतात आणि सुकल्यावर भाग एकच होतो. म्हणून ते थोडंच लागतं. भाग आधी जुळवून धर, मग ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकव. पातळ सिमेंट आपोआप फटीत ओढलं जातं. खिडकी उघडी ठेव, डोकं जड वाटलं की उठ. स्प्रूचे बारीक तुकडे थोड्या सिमेंटमध्ये विरघळवून ठेवलेस तर फटी भरायला घरचीच लांबी तयार होते, शिवाय त्याच प्लॅस्टिकची.

आणि आता ज्यासाठी मी तुला बसवलं ती गोष्ट. चाकं.

खालच्या धडाला चाकांचे दांडे लावतोस तेव्हा पाचही दांडे एका रेषेत आले पाहिजेत. एक जरी केसभर वर राहिला तर ते चाक हवेत लटकतं. छत्तीस टनांच्या गाडीचं चाक हवेत राहत नाही. बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण त्याला ते खेळणं वाटेल. म्हणून दांडे लावले की सिमेंट ओलं असतानाच धड काचेवर ठेव. आरशाची काच चालेल, सपाट फरशीही चालेल. चाकं नुसती अडकव, वर एखादं पुस्तक ठेव, नजर काचेच्या पातळीला आणून दहाही चाकांखाली बघ. फट दिसली तर तो दांडा आत्ताच सरकव. मग रात्रभर हात लावायचा नाही. बाकी काही घाईत झालं तर मी बोलणार नाही, पण इथे घाई केलेली मला चालणार नाही.

पट्ट्याचंही तसंच. टी-५५ ला वरच्या बाजूने पट्टा पेलणाऱ्या छोट्या फिरक्या नाहीत. त्यामुळे पट्टा स्वतःच्या वजनाने खाली येऊन थेट चाकांवर विसावतो, पुढच्या आणि मागच्या चाकाकडे जाताना मधे झोल पडतो. शिकाऊ माणूस पट्टा ताणून सरळ लावतो आणि तिथेच रणगाड्याचं वजन जातं. तुझ्या खोक्यात लवचीक पट्टा आहे, तो आपोआप झोल देणार नाही. वरच्या भागाला चाकांवर दाबून धर, खाली फेविक्विकचा थेंब दे, आणि सुकेपर्यंत पट्टा आणि मडगार्डच्या मधल्या फटीत कापूस कोंबून ठेव. कापसाला आपल्या घरी काय तोटा!

घुमट, म्हणजे टरेट, गुळगुळीत ठेवू नको. खरा घुमट ओतीव आहे. त्यावर सिमेंटचा हलका हात फिरव, पृष्ठभाग मऊ झाला की जुन्या टूथब्रशने ठिपके मारल्यासारखं टोचत जा. थोडं, मग सुकू दे, मग पुन्हा थोडं. धड मात्र पत्र्यांचं आहे, तिथे हे करायचं नाही. तोफेच्या तोंडाला भोक बुजलेलं असेल तर ते कोर. १०० मिलिमीटर भागिले ३५, म्हणजे तीन मिलिमीटरला थोडं कमी. हातानेच ड्रिलचं पातं फिरव.

रंगाचं तुला जे सांगते ते कुठल्या परदेशी पुस्तकात मिळायचं नाही, कारण त्यांच्याकडे खारपाणपट्टा नाही. आपल्या बोअरचं पाणी खारं. ॲक्रिलिक रंग त्या पाण्यात पातळ केलास की सुकल्यावर पांढुरकी झाक उरते. आकडे आणि चिन्हांचे स्टिकर त्या पाण्यात भिजवलेस तर त्यांच्या कडेने क्षाराची रेघ उमटते. भाग धुवायलासुद्धा ते नको. मी फिल्टरच्या पाण्याची बाटली आणून ठेवते, तेवढी फक्त या कामाला. रंग पातळ दुधासारखा कर आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन विरळ थर दे.

रंगाआधी प्राइमर हवाच, नाहीतर ॲक्रिलिक प्लॅस्टिकवर धरत नाही, नखाने निघून येतो. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात राखाडी प्राइमरचा स्प्रे मिळतो, अमरावतीहून मी आणेन. पण त्यातलं थिनर कधी कधी प्लॅस्टिक खातं, म्हणून आधी स्प्रूच्या तुकड्यावर मारून बघ. वीतभर लांबून, हात हलता ठेवून, तोंडाला मास्क लावून. दिवस आत्ताचे उत्तम आहेत. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा स्प्रे मॉडेलवर पोचेपर्यंत हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग भुरभुरा होतो. श्रावणात हवेतल्या ओलीने थरावर पांढुरकेपणा येतो. कार्तिकातली कोरडी सकाळ, नऊ-दहाची वेळ, मागच्या अंगणात वाऱ्याच्या आडोशाची बाजू, याहून चांगली जागा नाही. आणि झालेला रणगाडा टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर कधी ठेवायचा नाही. मे महिन्यात तिथे नळी वाकायला वेळ लागत नाही.

हिरवा रंग डब्यातला जसाच्या तसा देऊ नको, किंचित पांढरा किंवा पिवळा मिसळून उजळ कर. वस्तू लहान झाली की गडद रंग आणखी गडद दिसतो आणि सगळे तपशील गिळतो. रंग पुरता सुकला की कॅमलिनचा बर्न्ट अंबर ऑइल कलर भरपूर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सांध्यांतून, बोल्टांभोवती सोडायचा. तो फटीत जाऊन बसतो आणि तोपर्यंत न दिसलेल्या गोष्टी दिसायला लागतात. मला या सगळ्या कामातली ही वेळ फार आवडते. तेव्हा मला बोलाव.

आता माती. तुझा बेत मला माहीत आहे, वावरातली काळी माती लावायची. नको. तुझा रणगाडा छांबचा, तिथली माती आपल्यासारखी काळी चिकणी नाही, फिकट करडी-तपकिरी आहे. शिवाय आपल्या मातीतला क्षार पुढे वर येऊन पांढरी बुरशी धरल्यासारखा दिसेल. आणि ते माप आठव. एक मिलिमीटरचा कण म्हणजे तिथे ३५ मिलिमीटरचा दगड. म्हणून माती वापरायचीच तर ती वस्त्रगाळ हवी, नाहीतर रंगाची पूडच बरी. चाकांच्या मधे आणि पट्ट्यावर जास्त, वर जाता जाता कमी. घुमटावर चिखल उडत नाही, तिथे फक्त धूळ आणि बुटांचे ठसे.

वावरातलं एक मात्र जरूर घे. टी-५५ च्या मागे एक ओंडका बांधलेला असतो. गाडी रुतली की तो पट्ट्यांना पुढून बांधतात आणि त्यावर चढून गाडी बाहेर निघते. खोक्यात प्लॅस्टिकचा असेल. तो ठेवून दे. गोठ्यामागे मागच्या वर्षीच्या पऱ्हाट्यांचा ढीग आहे, त्यातली पेन्सिलीच्या जाडीची, सरळ, सालीसकट एक निवड आणि सात-आठ सेंटीमीटर काप. तिची साल इतकी बारीक रेघांची असते की मापात चपखल बसते. उन्हात कडक वाळव, म्हणजे कीड लागणार नाही.

आई विचारते, ‘एवढे डोळे फोडून काऊन करता रे हे?’ तिला उलट उत्तर देऊ नको. पैसे तुझ्या शिकवणीचे आहेत, तरी घरात कापसाच्या भावाची काळजी चालू असताना असली वस्तू आणणं तिला खटकणार. तिला दाखव. घुमट कसा फिरतो ते दाखव, खेतरपालचं सांग. आणि हा पुरा झाल्याशिवाय दुसरं खोकं आणायचं नाही, असं मला वचन दे. अर्धवट खोक्यांची चळत लावलेले हौशी लोक मी पाहिलेत. त्यांना सुरुवात छान येते. शेवटचे सांधे, शेवटचं वार्निश, कडेचा तो एक कंटाळवाणा बोल्ट, हे त्यांच्या हाताला कधी शिकायलाच मिळत नाही.

परदेशातल्या उस्तादांचे फोटो बघतोस आणि रात्री उदास होतोस, तेही माझ्या लक्षात आलंय. बघ जरूर. पण एका फोटोतून एकच गोष्ट उचल. या रणगाड्यात तू चाकं आणि पट्ट्याचा झोल शिकणार आहेस, नळीवरचं नळकांडं करणार आहेस. तेवढं नीट झालं की बास. सेंच्युरियन पुढच्या वर्षी घेऊ. त्याला बाजूने पत्र्यांचा पडदा असतो, पट्ट्याचा वरचा भाग झाकला जातो, तो तुला सोपा जाईल आणि तुझं सारं लक्ष रंगावर राहील.

रविवारी मी येते. येताना प्राइमर, आठशे नंबरचा वॉटर पेपर आणि टर्पेंटाइन आणते. कटर आईच्या शिलाईच्या डब्यात ठेवू नको, ती शोधत बसेल. तोवर तू खालचं धड आणि दांडे एवढंच कर. चाकं चिकटवू नको, नुसती अडकवून काचेवर ठेव. मी वाकून बघणार आहे.